तेरावा किल्ला

कोकणच्या दर गावात एक तरी असा माणूस असतो, ज्याला इतिहास घरगुती वाटतो. आरोंद्यातल्या या नमुन्याला आपण आबा म्हणू. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, कमरेला पंचा, बसायची जागा चहाच्या टपरीवरचं बाकडं. महाराष्ट्रात एकही मोठा माणूस असा झाला नाही, की ज्याचा धागा फिरून आबांच्या परड्यात येत नाही.

वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या वर्गाचा फळा पुसायचं काम आबांच्या वडिलांकडे होतं, असं आबा सांगतात. त्यामुळे पुढे खांडेकरांना 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, त्यातला थोडा खडू आपल्या घराण्याचा, हा त्यांचा हिशेब. बॅ. नाथ पै राजापूर मतदारसंघातून 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा लोकसभेवर गेले. शेवटच्या निवडणुकीच्या सभेत आबांनी मायकाची वायर धरली होती. म्हणजे अख्खं भाषण आधी आपल्यातून गेलं आणि मग लोकांनी ऐकलं. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली. तेव्हा कोकणात रेल्वेचा पत्ता नव्हता. तरी त्या गादीमागे आपली कंबरदुखी आहे, अशी आबांची खात्री.

किल्ल्यांच्या बाबतीत मात्र आबा थोडे कडक. सिंधुदुर्गाचं बांधकाम 1664 साली सुरू झालं, खाऱ्या पाण्यात गोड्या विहिरी लागल्या, हे ते मान्य करतात. पण मालवणकरांना त्याचा फार गर्व झाला, असंही लगेच जोडतात. विजयदुर्गाचं नाव निघालं की, ग्रहण बघताना हेलियमचा शोध तिथेच लागला, हेही निघतंच. एकदा शाळेतले गुरुजी म्हणाले, "आबा, 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियरने सूर्याच्या प्रकाशात हेलियमची रेषा पाहिली ती ऑक्टोबरात, तीही इंग्लंडातून."

आबांनी बशीतला चहा संपवला. "मगे विजयदुर्गार साहेबाचे कट्टे आसत ते कोणाचे? तुझ्या मास्तरकीचे?"

कट्टे खरोखरच आहेत. गुरुजी गप्प झाले.

आबांचं खरं दुखणं तेरेखोल. आरोंद्याचा पूल ओलांडला की किरणपाणी, म्हणजे गोवा. पूल न ओलांडता आपल्याच काठाने रेडीवरून तेरेखोल खाडीच्या तोंडाशी गेलं, तरी शेवटी गोवाच; कारण तिथे तेरेखोलचा किल्ला. बांधला सावंतवाडीच्या खेम सावंतांनी आणि 1746 साली घेतला पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्क्विस द अलोर्नाने. आबा त्याचा उल्लेख 'तो अलोर्ना' असा करतात, जणू त्याने काल रात्री बांध सरकवलाय. पुढे आत हॉटेल झालं. "त्याका तोफा हाडूच्या लागल्यो," आबा म्हणतात, "आता खोली बुक करून गावता."

15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेड आफोन्सोंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही या किल्ल्यात शिरले, तिरंगा फडकवला आणि पोर्तुगिजांच्या तुरुंगात गेले. गोवा मुक्त व्हायला त्यानंतर सात वर्षं लागली. ही हकिगत सांगताना आबांचा आवाज खरोखर बदलतो. सनावळी अचूक येते, मागचापुढचा संदर्भ चोख येतो आणि ऐकणारा भारावून जायच्या बेतात असतो, तेवढ्यात आबा म्हणतात, "झेंड्याचो बांबू आमच्या परड्यातलो."

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे दोन, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. टपरीवर पेढे वाटले गेले. आबांनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"तेरेखोल खंय?"

"आबा, तो गोव्यात."

"आणि जिंजी?"

जिंजी तामिळनाडूत. बाकड्यावर शांतता पसरली.

"जिंजी तामिळनाडूत असान चलता, मगे आमच्या काठावयलो किल्लो कित्याक चलणा नाय?"

पोर्तुगिजांनी नंतर किल्ला बराच बदलला, आत चर्च आहे, वगैरे मुद्दे गुरुजींनी मांडले. आबांनी तोवर पेढा खाऊन टाकला होता आणि कागद मागवला होता. दुसऱ्या दिवशी अर्ज तयार. मा. साहेब, युनेस्को, पॅरिस यांस. विषय : तेरावा किल्ला. संदर्भ : सन 1746 ची प्रलंबित तक्रार. खाली अर्जदाराला ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं : वि. स. खांडेकर, बॅ. नाथ पै.

गुरुजी कळवळून म्हणाले, "आबा, यातलं कोणीच हयात नाही."

"म्हणानच घातलंय," आबा म्हणाले. "आता उलटतपासणी कोणाची करतले?"