ताम्हिणीत पालथा

माणसाने छंद निवडताना आधी स्वतःचं पोट बघावं. बुद्धिबळाला ते चालतं, तबल्याला चालतं, पत्त्यांच्या डावात तर शोभून दिसतं. पण छोटी मॉडेल्स निसर्गात नेऊन त्यांचे फोटो काढायचे असतील, तर जमिनीवर पालथं पडावं लागतं, आणि मध्ये पोट आलं की डोळा कॅमेऱ्याला लागत नाही.

पालथं पडण्याला शास्त्र आहे. रस्त्यावर उभ्या माणसाचा डोळा साधारण दीड मीटर उंचीवर असतो. खऱ्या बसची पन्नासपट लहान प्रतिकृती केली, तर बघणारा डोळाही पन्नासपट खाली उतरवावा लागतो. म्हणजे भिंग जमिनीपासून ३ सेंटिमीटरवर हवं. त्याहून वर गेलं की बसचा टप दिसायला लागतो आणि लालपरीचं खेळणं होतं.

ही विद्या ज्याने मला लावली तो गृहस्थ अमेरिकेतला. मायकेल पॉल स्मिथ. त्याने 'एल्गिन पार्क' नावाचं एक गाव उभं केलं, जे कधीच अस्तित्वात नव्हतं. चोवीसपट लहान जुन्या मोटारी आणि स्वतः बनवलेली घरं-दुकानं तो एका टेबलावर मांडायचा, आणि मागे दूरवरची खरी झाडं, खरी घरं अशी जुळवायचा की जवळचं छोटं आणि लांबचं मोठं एकाच मापाचं वाटावं. कॅमेरा साधा, हातात मावणारा. फोटो बघणारे म्हणायचे, हे गाव आम्ही पाहिलंय. २०१८ साली तो गेला. मी त्याच्याकडून सगळं घेतलं, फक्त टेबल घेतलं नाही. ते आमच्या गाडीच्या डिकीत मावत नव्हतं.

बस माझ्या भाच्याची. सनबोर्ड कापून एसटीच्या प्रतिकृती करणारी जी मुलं महाराष्ट्रात गावोगाव आहेत, त्यांतला तो एक. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, हे त्याला स्वतःच्या आईच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ. त्याने केलेली बस २२ सेंटिमीटर लांब. आत सीटांच्या रांगा, खिडक्यांना आडवे गज, मागे उजवीकडे 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' आणि पुढे पाटी : पुणे–महाड, मार्गे ताम्हिणी. बस माझ्या हाती देताना त्याने एकच अट घातली. "मामा, आरसे नाजूक आहेत. तुम्ही पडलात तरी चालेल."

ऐन श्रावणात आम्ही, म्हणजे मी आणि बस, ताम्हिणीत पोचलो. धबधबे वाहत होते, धुकं दरीतून वर येत होतं. रस्त्याच्या कडेला जिथून मागे दरी दिसते तिथे बस उभी केली, मेणकापड अंथरलं आणि पडलो. भिंगातून पाहिलं आणि कळलं की सह्याद्रीला माप मान्य नाही. रस्त्याकडेचं गवत वीतभरसुद्धा नव्हतं, दहाएक सेंटिमीटरचं होतं. बसच्या हिशेबात ते ५ मीटर उंच झालं. आत बसलेल्या प्रवाशांना ताम्हिणी नव्हे, ॲमेझॉन दिसत असणार. काचेवर टेकलेला पावसाचा थेंब ४ मिलिमीटरचा, म्हणजे तिथे २० सेंटिमीटरचा. असा पाऊस खरंच पडला तर एसटी सोडा, पंचांगही थांबेल. मग एक मुंगळा चाकाजवळून फिरत गेला. प्रवाशांच्या दृष्टीने अर्ध्या मीटरचा, सहा पायांचा. त्याच्या मागोमाग दगडाखालून खेकडा निघाला. त्याचं गणित मी केलं नाही. ३ मीटरच्या पुढे जाणारे प्राणी मोजायची आम्हाला सवय नाही.

घर लहान करता येतं, मोटार लहान करता येते, पाणी लहान करता येत नाही. थेंब आपल्याच ताणाने आपलं माप ठरवतो. वाहण्याचंही तसंच. पन्नासपट लहान बसशेजारचा ओहोळ नदीसारखा वाटायचा असेल, तर चित्रीकरण सातपट सावकाश दाखवावं लागतं. जुन्या सिनेमांतली जहाजं वादळात हौदातली का वाटतात, त्याचं कारण हेच.

दुसरी अडचण भिंगाची. ते वस्तूच्या जितकं जवळ जातं, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. माझ्या फोटोत पाटीवरचं 'पुणे' स्पष्ट यायचं आणि 'महाड' धुक्यात जायचं. मागचं-पुढचं असं धूसर झालं की आपला डोळा लगेच ओळखतो, वस्तू लहान आहे. याच खोडीचा उलटा वापर करून टिल्ट-शिफ्टवाले खऱ्या शहरांचे फोटो खेळण्यांसारखे करून दाखवतात. उपाय म्हणून छिद्र बारीक केलं, एफ १६. मग उजेड कमी पडला. म्हणून शटर सावकाश केलं, तर वाऱ्याने गवत हललं. मग मी श्वास रोखून, अजिबात न हलता, वारा थांबायची वाट पाहत पडून राहिलो.

भर पावसात, रस्त्याकडेला, पालथा, न हलणारा पुरुष.

पहिली दुचाकी करकचून थांबली. "ओ काका! काका!" दुसरी थांबली. कोणीतरी "फिट आलीय" असं निदान केलं आणि पलीकडच्या भजीच्या गाडीवरून चिरलेला कांदा धावत आला. मी "अहो, मी फोटो..." एवढं म्हणायला तोंड वर केलं, तेवढ्यात अर्धा कांदा नाकाला लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पाहून एक बाई म्हणाल्या, "बघा, आला शुद्धीवर."

मंडळी पांगली, तसा मी पुढच्या बेताला लागलो. चढावर जोर लावणाऱ्या एसटीच्या मागून धूर निघायला हवा. छोट्या धुराला उदबत्ती उत्तम, असं मी वाचून आलो होतो. छत्रीच्या आडोशाला चार उदबत्त्या पेटवल्या, बसच्या मागे खोचल्या आणि पुन्हा आडवा झालो. आता जे चित्र तयार झालं, ते मला भिंगातून दिसत नव्हतं, रस्त्यावरून मात्र स्वच्छ दिसत होतं : लाल एसटी, तिच्यामागे उदबत्त्या, आणि पुढ्यात साष्टांग नमस्कार घालणारा भक्त.

एक मोटार हळू झाली. मागच्या सीटवरच्या आजी उतरल्या. "हितं अपघात झाला व्हता काय रं बाबा?" मी मान हलवली, ती नकारार्थी होती. आजींनी ती दुःखाची समजून चुचकारलं, दहाचं नाणं बसच्या टपावर ठेवलं आणि हात जोडले. त्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, बसच्या मापात १ मीटर ३५. एवढं सामान टपावर असलेली एसटी मी आजवर पाहिली नव्हती. आजींना खरं सांगायचा धीर मला झाला नाही, आणि खरं सांगायचं तर नाणं उचलायचाही नाही.

गर्दी पुन्हा जमली. तिच्यातून धोतर-टोपीतले एक म्हातारबा पुढे आले, उकिडवे बसले आणि बस न्याहाळू लागले. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. संकटकाळच्या दाराला त्यांनी मान डोलावली, गज मोजले, आरशांचं कौतुक केलं. मग माझ्याकडे वळले.

"गाडी कुणी बनिवली?"

"भाच्याने."

"आन् हितं लावली कुणी?"

"मी."

"तरीच. पाटी महाडची आन् तोंड पुण्याकडं. वर राँग साईडला, वळणावर. मेमो निघंल तुमच्यावर."

दरी मागे यावी म्हणून बस तशी लावली, हे मी समजावलं. त्यावर ते म्हणाले, "दरी बघत गाडी लावत न्हाईत." माझ्या सगळ्या कलाविचारावर एवढी नेमकी टीका आजवर कोणी केलेली नाही.

बस सुलट झाली. गर्दीतल्या एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "मी एक काढू?" तिने फोन उलटा धरला, म्हणजे भिंग खाली आलं आणि थेट जमिनीला टेकलं. पालथं पडायची गरजच उरली नाही, ती नुसती वाकली. फोनचा सेन्सर नखाहून लहान, त्यामुळे स्पष्ट पट्टा आपोआप रुंद. पाटी, आरसे, दरी, धुकं, सगळं एकाच फोटोत नीट. ज्या कॅमेऱ्याचे हप्ते मी अजून भरतो आहे, तो मोठ्या सेन्सरचा आहे, आणि मोठा सेन्सर या कामात आडवा येतो, हे दुकानदाराने मला सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

इतक्यात खालून भोंगा वाजला. म्हातारबा ओरडले, "चढाची गाडी येतीया, वाट द्या!" घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियम. वळणावरून खरी एसटी वर आली. तिच्या आणि माझ्या मध्ये एक खड्डा होता, तुडुंब. म्हातारबांनी दोन्ही हातांनी बस उचलून डोक्यावर धरली. मला उचलायला तिसरा हात त्यांच्याकडे नव्हता. पाणी लहान करता येत नाही हे मी वर लिहिलंच आहे. त्या पाण्याने ते सप्रमाण सिद्ध केलं.

बस कोरडी, आरसे शाबूत. कॅमेरा दुरुस्तीला. त्या मुलीचा फोटो भाच्याने मोठा करून भिंतीवर लावला आहे. येणारे जाणारे विचारतात, बसच्या डावीकडे ती निळसर गोल टेकडी कुठली? ती टेकडी म्हणजे रेनकोटातली माझी पाठ. मापाने पाहिलं तर चांगली १५ मीटर उंच भरते. सबंध फोटोत निसर्गाच्या प्रमाणात बसलेली ती एकच गोष्ट आहे.

तेव्हा वाचकहो, हा छंद करायचा तर टेबल न्या, आणि उधार का होईना, फोन न्या. आणि पावसाळ्यात घाटात कोणी पालथा पडलेला दिसला, तर कांदा आणायच्या आधी त्याच्या नाकासमोर बस आहे का ते पाहा. असली तर गुपचूप दहाचं नाणं ठेवून पुढे व्हा. दुरुस्तीचा खर्च बराच आहे.