खालील जमीन वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा

मे सरत आला, शॅकांचे सांगाडे उतरवून झाले, आश्वेची वाळू पुन्हा खेकड्यांच्या ताब्यात गेली, की मांद्र्यात इंग्रजीचा हंगाम सुरू होतो. पर्यटकांचं इंग्रजी पर्यटकांबरोबर परत गेलेलं असतं. हे परीक्षेचं इंग्रजी. बारावीनंतर शिक्षण सुटलेला मोटारसायकल पायलट, शॅकमधला आचारी, अंगणवाडीची मदतनीस, बढतीला पदवी लागते हे चाळिशीत कळलेला पतसंस्थेचा कारकून, अशी मंडळी बाहेरून बीए किंवा बीकॉम करत असतात. जूनमध्ये परीक्षा. इंग्रजी सक्तीचं. आणि त्यात हमखास येणारा प्रश्न : उतारा वाचा आणि त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहा.

उतारे फार विचारपूर्वक निवडलेले असतात. त्यांत मांद्रे येत नाही, पेडणे येत नाही, गोवा तर नाहीच नाही. येतो तो पेंग्विन. अंटार्क्टिकाच्या बर्फात नर पेंग्विन पायांवर अंडं ठेवून दोन महिने उपाशी उभा राहतो, ही माहिती आमच्या पायलटाला तोंडपाठ आहे. शेजारी मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वनखात्याची माणसं त्यांवर पहारा देतात. पण यावर उतारा येत नाही. तो विद्यार्थ्याला समजण्याचा धोका असतो.

पेंग्विन समजावा अशी कोणाची अपेक्षाही नाही. मार्गदर्शन वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात : आधी प्रश्न वाचा, उताऱ्याकडे ढुंकूनही पाहू नका. प्रश्नातला जाडजूड शब्द धरा, तोच शब्द उताऱ्यात हुडका, त्याच्या मागची अर्धी आणि पुढची अर्धी ओळ उतरवा. 'स्वतःच्या शब्दांत लिहा' असं म्हटलं असेल तर एखादं विशेषण गाळा. शीर्षक द्यायचं असेल तर जो शब्द सर्वांत जास्त वेळा आला तो लिहा. खरं-खोटं विचारलं तर ज्या वाक्यात 'नेहमी' किंवा 'कधीच' असेल ते खोटं. या पाच आज्ञा पाळणारा आजवर नापास झालेला नाही.

तरीही एखादी शंकेखोर विद्यार्थिनी निघतेच.

"सर, लेखकाला काय म्हणायचं आहे, असं विचारलंय."

"मग?"

"उताऱ्यात तसं कुठं लिहिलेलं नाही."

"ताई, शेवटची ओळ उतरवा. लेखकाला जे म्हणायचं असतं ते तो शेवटी म्हणतो."

"आणि त्याला शेवटीही कळलं नसेल तर?"

"तर तो परीक्षेला आला नसता."

ही थट्टा वाटेल, पण आम्ही या पद्धतीचे मनापासून चाहते आहोत. न समजलेल्या मजकुरातून हव्या त्या जागेवर बोट ठेवता येणं, तिथलं बिनचूक उतरवणं आणि खाली सही करून वेळेत कागद परत देणं : राज्यकारभाराला नागरिकाकडून याहून वेगळं काय हवं असतं?

मांद्र्यात तर या विद्येचा उपयोग घरोघरी होतो. समुद्र दिसणाऱ्या प्रत्येक टेकडीला आता गिऱ्हाईक आहे. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून समुद्र न दिसणाऱ्या टेकडीलाही आहे. गिऱ्हाईक दिल्लीहून येतं, वकील पणजीहून येतो, कागद इंग्रजीतून येतो. खरेदीखत वीस-बावीस पानांचं. जिथं सही करायची तिथं पेन्सिलीची फुली मारून ठेवलेली असते, म्हणजे प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकण्याचाही त्रास वाचतो.

आणि इथंच आमची अंगणवाडीतली ताई चित्रात येते. गोव्यात विवाहित पुरुषाला जमीन एकट्यानं विकता येत नाही, बायकोची सही लागते. देशभर ज्याचं कौतुक होतं तो हा समान नागरी कायदा. मूळ १८६७ चा, पोर्तुगालचा, अर्थातच पोर्तुगीज भाषेत. पोर्तुगीज १९६१ साली गेले, कायदा राहिला. त्याचं अधिकृत इंग्रजी भाषांतर सरकारनं प्रसिद्ध केलं २०१८ साली. मधली सत्तावन्न वर्षं गोव्यातल्या बायका आपल्या अर्ध्या हिश्श्याच्या मालकीण होत्या, ते कुठं लिहिलंय हे मात्र त्यांना वाचता येत नव्हतं. आता कायदा इंग्रजीत आला, खरेदीखत इंग्रजीत आहेच, आणि ताईही इंग्रजीचा पेपर सोडवते आहे. तिघांची गाठ पडायला काहीच हरकत नव्हती. पण परीक्षेला पेंग्विन आहे. त्यामुळे नर अंडं किती दिवस सांभाळतो ते ताई सांगेल, आणि घोवानं डोंगर किती लाखांना दिला ते तिला शेजारीण सांगेल.

पेडणे अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलात गेलं. तेव्हापासून सरकारचा आणि इथल्या रयतेचा संवाद एका ठरावीक रीतीनं चालत आला आहे : सरकारनं लिहायचं, रयतेनं खाली अंगठा द्यायचा. पुढं लिपी तीच राहिली, भाषा बदलली. शिक्षणाचा प्रसार झाला. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के भरली. आता अंगठ्याच्या जागी इंग्रजीत सही येते. याला प्रगती म्हणायची नाही तर कशाला म्हणायचं?

भाषेच्या बाबतीत गोमंतकीय माणूस बेफिकीर आहे, असा आरोप मात्र कोणी करू नये. भाषेवरून आपण रस्ते अडवले आहेत, सरकारं हलवली आहेत. १९८७ चा राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही त्यात सोय झाली. १९९० साली ठरलं की प्राथमिक शाळेचं अनुदान कोकणी-मराठी माध्यमालाच. २०११ साली ठरलं की इंग्रजीलाही. त्यावरून मोर्चे निघाले, मंच निघाले, पुढं त्यातून एक पक्षही निघाला. सहा वर्षांच्या मुलानं कोणत्या भाषेत वाचावं, यावर आपण तीन दशकं भांडलो. चाळीस वर्षांच्या माणसाला पंचायतीची नोटीस कोणत्या भाषेत यावी, यावर एक दुपारसुद्धा घालवली नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या नावावर जमीन नसते, हे कारण असावं.

केंद्र सरकारनं तर याबाबतीत आणखी निर्मळ भूमिका घेतली होती. २०२० साली पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, आणि देशातल्या तमाम जनतेकडून हरकती मागवल्या गेल्या. मसुदा हिंदी आणि इंग्रजीत. दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जून २०२० रोजी सांगितलं की आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत तो भाषांतरित करा. त्या अनुसूचीत मराठी आहे, कोकणीही आहे. आनंदानं भाषांतर करायचं सोडून सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. परीक्षार्थी उतारा समजावून मागतो आहे, एवढंच त्यात घडलं होतं. पण असं मागणं हा कॉपीचा प्रकार आहे, हे प्रत्येक पर्यवेक्षक जाणतो.

एक अपवाद नोंदवला पाहिजे. मोरजी-आश्वे पट्ट्यातले वेटर रशियन बोलतात. कोणी मेन्यूही वाचून दाखवतात. त्यांना कुठल्या विद्यापीठानं उतारे दिले नव्हते, पाच आज्ञा शिकवल्या नव्हत्या. बिल चुकलं तर पगारातून कापलं जाईल, एवढंच त्यांना ठाऊक होतं. म्हणजे पैसे आपले असले की आकलन आपोआप होतं. हा शोध शिक्षणतज्ज्ञांपासून लपवून ठेवावा, असं आमचं मत आहे, कारण त्यातून पुढील प्रश्नपत्रिकेसारखं काहीतरी भलतंच निघू शकतं.

उतारा पहिला. पंचायतीच्या फलकावर डेंग्यूच्या पत्रकाखाली अर्धवट दिसणारी नोटीस. नगरनियोजन कायद्यात २०२४ साली आलेल्या ३९-अ कलमाखाली अमुक सर्व्हे नंबरची जमीन 'ऑर्चर्ड'मधून 'सेटलमेंट'मध्ये नेण्याचा प्रस्ताव. प्रश्न : (अ) उताऱ्यात नंबर आहे, डोंगराचं नाव नाही. डोंगर ओळखा. (आ) त्या डोंगराखालच्या झरीवर ज्यांची कुळागरं आहेत त्यांचा उल्लेख उताऱ्यात का नाही, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. शिव्या दिल्यास गुण कापले जातील. (इ) हरकतींची मुदत तीस दिवस आहे. नोटीस निघाल्याची तारीख आणि तुम्हाला दिसल्याची तारीख यांतलं अंतर तीसमधून वजा करा. उत्तर शून्याखाली गेल्यास ते बरोबर समजावं.

उतारा दुसरा. खरेदीखताचं पहिलं वाक्य. ते तिसऱ्या पानावर संपतं. प्रश्न : (अ) वाक्यातलं क्रियापद शोधा. (आ) जुन्या घराकडे जाणारी वाट कोणत्या ओळीत आहे? नसल्यास उद्यापासून घरी कसे जाल? (इ) भाटात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मुंडकार या बावीस पानांत कुठं राहतो, ते अधोरेखित करा.

उतारा तिसरा. गेस्ट हाऊस बांधण्यासाठी घेतलेल्या कर्जाच्या अटी, मुंगीच्या पायांएवढ्या टाइपात. खरे की खोटे ते सांगा : 'घर तुमचे आहे.'

ही प्रश्नपत्रिका आम्ही काही जाणत्या मंडळींना दाखवली. त्यांचं मत असं पडलं की ती अभ्यासक्रमाबाहेरची आहे, प्रौढ विद्यार्थ्यांवर तिचा ताण येईल, आणि मुख्य म्हणजे तपासणार कोण? ज्या साहेबानं नोटीस काढली त्याला स्वतःला (आ) प्रश्न सुटेल याची खात्री नाही. शिवाय विद्यार्थ्याला एकदा का अशी सवय लागली की तो परीक्षेनंतरही वाचत सुटतो. फलकासमोर उभा राहून वाचतो, ग्रामसभेत उठून मोठ्यानं वाचतो, आणि शेजाऱ्यालाही समजावून सांगतो.

ही भीती पोकळ नाही. २०२३ साली पेडण्याच्या झोनिंग आराखड्याचा मसुदा आला होता. नकाशे, रंग, आकडे, सगळं नेहमीप्रमाणे इंग्रजीत. पण त्या वेळी तालुक्यातल्या लोकांनी शिस्त मोडली. प्रश्न बाजूला ठेवून आधी उतारा वाचला. कुठला रंग कोणाच्या काजूंवर आलाय, हे बोट ठेवून पाहिलं. विरोध एवढा झाला की मसुदा गुंडाळून बाजूला ठेवावा लागला. एका तालुक्यानं एकदा नीट वाचलं तर ही गत. सगळा गोवा वाचू लागला तर खात्यांनी लिहायचं तरी कसं?

तेव्हा विद्यापीठांनी घाबरून अभ्यासक्रम बदलू नये. पेंग्विन निरुपद्रवी आहे. त्याच्या बर्फाला अजून कोणी सर्व्हे नंबर दिलेला नाही. वर सुचवलेली प्रश्नपत्रिका आम्ही मागं घेतो. ती मागं घेण्याला कोणाची हरकत असल्यास त्यानं ती तीस दिवसांच्या आत, इंग्रजीत, दोन प्रतींत, पणजीला पाठवावी. तीस दिवस कधी सुरू झाले, ते फलकावर लावलेलं आहे.