पोच

"बारा लाल गुलाब? आत्याला?"

एवढं बोलून पलीकडचा माणूस गप्प झाला. फोनमध्ये नुसती पाण्याच्या फवाऱ्याची फुसफुस ऐकू येत राहिली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या आत्याला पंच्याहत्तर पूर्ण होत होती. मला पुण्याहून जायला जमत नव्हतं, म्हणून निदान फुलं तरी पाठवू अशी टूम मी काढली आणि अंबाबाईच्या देवळाजवळच्या एका फुलवाल्याचा नंबर मिळवला. पुण्यात हे काम दोन मिनिटांत उरकतं. इथं बावीस मिनिटं लागली, आणि त्यातली वीस मी आरोपीच्या पिंजऱ्यात होतो.

"सख्खी का चुलत?"

"सख्खी."

"मग गुलाब कशाला? गुलाब एक तर दवाखान्यात जातोय, न्हाईतर कॉलेजात. आत्याबाई आजारी हाईत काय?"

"नाही हो, ठणठणीत आहे."

"कॉलेजात जातात?"

पुढे मग घर कुठल्या गल्लीत, जिना किती पायऱ्यांचा, दारात कुत्रं आहे का, आत्याबाईंना ऐकू येतं का, केसात फुलं माळतात का. म्हटलं, पूर्वी माळायची, काका गेल्यापासून नाही. "बरं," असं म्हणून पुढचा प्रश्न. शेवटी मी कंटाळून म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या हो."

हे वाक्य कोल्हापुरात फार जपून बोलावं. आमच्याकडे 'बघा तुम्हीच काय ते' म्हटलं की समोरचा माणूस ते मुखत्यारपत्र समजतो.

या फुलवाल्यांना सगळे तात्या म्हणतात. ते नाव नव्हे, हुद्दा आहे. जोतिबा रोडपासून महाद्वारापर्यंत हिंडलात तर असे तात्या, अण्णा, मामा चार-पाच तरी सापडतील, तेव्हा हे चित्र त्यांतल्या नेमक्या कुणाचं ते कुणी शोधत बसू नये. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. पुढे ओलं बारदान, त्यावर झेंडू-शेवंतीचे ढीग, बादलीत निशिगंधाच्या काड्या, पातेल्यात केळीच्या सोपटाचा दोर भिजत घातलेला. मागच्या अंधारात, सावत्र पोरं उभी करावीत तसे, डच गुलाब आणि जरबेरा. खरं तर ही मंडळी जवळचीच, शिरोळ तालुक्यातल्या हरितगृहांतली. पण तात्यांच्या लेखी ती परदेशीच.

"वास न्हाई, काटा न्हाई, आठ दिस तोंड उतरत न्हाई. असला जावई बघावा माणसानं. फूल कशाला?"

फुलं ताजी आहेत ना, असं त्यांना विचारणं म्हणजे पैलवानाला दंड भरीव आहेत ना विचारणं. "गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस तुमच्यासमोर पिळून गिलास हातात देत्यात. त्या गावात हुबं राहून ताजं इचारतासा?" गिऱ्हाईक पुण्यात उभं असलं तरी हेच उत्तर.

नवरात्रात बाहेरगावची ऑर्डर बंद. नऊ दिवस कुणाचाही फोन आला तरी एकच वाक्य: "आईचं चाललंय." गावातल्या माणसाला यातून सगळं कळतं. न्यू जर्सीहून फोन करणाऱ्या एका पुणेकराने मात्र हळहळून विचारलं होतं, "काय वय आहे हो त्यांचं?" तात्यांनी थोडा विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "नक्की कुणालाच ठाव न्हाई."

चौदा फेब्रुवारीविषयी ते बोलत नाहीत. तळेगावकडचा चांगला गुलाब त्याआधीच विमानात बसून परदेशी गेलेला असतो, आणि मागे राहतो त्याचा भाव ऐकून इथली बरीच प्रेमं जागच्या जागी आटोपतात, एवढंच मी स्वतः पाहिलंय.

माहिती पुरवायची मला खोड आहे. पुढे एकदा दुकानात बसून मी त्यांना सांगितलं, की १९१० साली अमेरिकेत काही फुलवाल्यांनी एक संघ काढला. एका गावात गिऱ्हाइकाने पैसे भरायचे, तिथल्या फुलवाल्याने दुसऱ्या गावातल्या फुलवाल्याला तार करायची आणि त्याने आपल्या बादलीतली ताजी फुलं नेऊन घरी द्यायची. फुलं जागेवरच, प्रवास फक्त निरोपाचा. आपल्याकडेही तारखात्यात शुभेच्छांना नंबर असत. लग्नाचा वेगळा, दिवाळीचा वेगळा. नंबर सांगितला की मजकूर तयार. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली आणि ते सगळं गेलं. तात्या गजरा ओवता ओवता ऐकत होते. दोऱ्याला गाठ मारून म्हणाले, "फुलं दिल्यावर त्यास्नी च्या मिळायचा काय?"

मी गप्प. तारखात्याच्या इतिहासात ही नोंद मला कुठे आढळली नव्हती.

तात्यांच्या धंद्यात मात्र चहा मुख्य. पोरगं ठेवलंय, पण ते हार-तुरे पोचवायला. परगावच्या मुलांनी आईबापांसाठी सांगितलेली फुलं तात्या स्वतः नेतात, एम-एटीच्या हँडलला पिशवी अडकवून. फुलं दारातून देऊन निघणं त्यांना अपमानाचं वाटतं. कुणाच्या, ते विचारू नये. ते आत जातात, चप्पल काढतात, पंख्याखालची खुर्ची बघून बसतात. मग खिशातून चिठ्ठी काढून वाचतात. चिठ्ठी इंग्रजीत असते: ममा, लव्ह यू, मिस यू. तात्या चष्मा कपाळावर नेऊन अर्थ सांगतात, "काकू, पोरगं म्हणतंय, लई आठवण येती. आणि रातचं शिळं खात जाऊ नका." दुसरं वाक्य चिठ्ठीत नसतं. काकूंच्या ओट्यावर झाकून ठेवलेल्या पातेल्यात असतं.

त्यानंतर पोच. पैसे भरणाऱ्याला पुरावा पाहिजे म्हणून त्यांना फोटो पाठवायला शिकवलं. झालं भलतंच. फोटोच्या एका कोपऱ्यात फुलं, आईचा अर्धा कान, आणि उरलेल्या जागेत घर: भिंतीवरची ओल, बंद पडलेलं घड्याळ, टेबलावरची गोळ्यांची पाकिटं. पाठोपाठ आवाजी निरोप. "फुलं दिली. च्या घेतला. वडलांच्या गोळ्यांत मंगळवारची तशीच हाय, बुधवारची खाल्ली. न्हाणीतल्या नळाचा वायसर गेलता, बसवून आलोय, वीस रुपये जादा. आणि ते चमकी मारायचं तेवढं सांगू नगा, फुलाला काय तमाशात नाचवायचंय?"

शिकागोत, दुबईत, बंगळुरात बसलेली मुलं हा निरोप ऐकून आधी भडकतात. फुलवाल्याने फुलवाल्यासारखं राहावं, असं एकाने त्यांना इंग्रजीत कळवलं होतं. तात्यांनी त्याचाही अर्थ लावला: पोरगं कामात हाय. पुढच्या वर्षी त्याच मुलाने नुसता वायसर बदलायला सांगितला. फुलं तात्यांनी आपणहून नेली आणि बिलात धरली.

२०१९ च्या पुरातली एक गोष्ट ते सांगतात. ऑगस्टचा पहिला आठवडा, पंचगंगा गावात शिरलेली, महामार्ग बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, फुलं कुठली? पण बंगळुरातल्या एका मुलाने बापाच्या वाढदिवसाची ऑर्डर आधीच देऊन ठेवलेली. नागाळा पार्कातलं घर पाण्यात, म्हातारा-म्हातारी एका मंगल कार्यालयात मुक्कामाला. तात्यांनी पत्त्यावरून माणसं नव्हे, माणसांवरून पत्ता शोधला, घरच्या डालड्याच्या डब्यातलं एक जास्वंद तोडलं आणि ते घेऊन कार्यालयात जाऊन उभे राहिले. ही गोष्ट मी तीनदा ऐकलीय. पहिल्यांदा वाटेत पाणी घोट्याला होतं, दुसऱ्यांदा कमरेला, तिसऱ्यांदा तात्या पोहत गेले. जास्वंद तिन्ही वेळा एकच होतं, म्हणून माझा विश्वास आहे.

तर आत्या. वाढदिवसाच्या सकाळी साडेआठला माझ्या फोनवर पोच आली. फोटोत आत्याची हनुवटी, चहाचा कप, कालनिर्णय आणि केळीच्या पानाचा एक कोपरा. आवाजी निरोपात फक्त, "दिलं." न ओल, न वायसर. फोनवर बावीस मिनिटं घेणारे तात्या एका शब्दात आटोपले होते. काळजी वाटून आत्याला फोन लावला.

"कोण रे हा माणूस पाठवलास?" आत्या म्हणाली. "मी दार उघडलो तर गजरा घेऊन उभा!" (आमच्याकडे बायकाही उघडलो, जेवलो, गेलो असंच म्हणतात. पुण्यात मला हे लग्नाच्या बोलणीत समजावून सांगावं लागलं होतं.) "केळीच्या पानात मोगऱ्याचा गजरा, मधनं अबोली, वर चार सोनचाफे. मी म्हटलो, अहो, चौदा वर्षं झाली, मी फुलं माळत नाही. तर म्हणतो, का?"

"मग?"

"मग काय? चौदा वर्षांत मला कुणी का म्हणून विचारलंच नव्हतं. काय सांगायचं तेच सुचेना. म्हटलो, बसा, चहा टाकतो."

चहा उकळेपर्यंत तात्यांनी तिला हेरवाडची हकिगत सांगितली. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या त्या गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. हे सगळं आत्याने पेपरात वाचलेलं होतं. पण पेपर तिच्या घरी येऊन, खुर्चीवर बसून, साखर कमी आहे असं म्हणाला नव्हता.

"मी विचारलो त्यांना, ठरावात गजऱ्याचं आहे का काही? तर म्हणाले, नाही. म्हणाले, आत्याबाई, सगळंच ठरावात कुठं लिहीत बसायचं?"

"मग घातलास?"

"देवाला घातला," आत्या चटकन म्हणाली आणि माझ्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी करू लागली.

महिनाअखेर मला बिल आलं. आधी वाटलं, दुसऱ्याचं आहे. फोन केला.

"आत्याबाईंस्नी रोजची पुडी लावलीय पूजेला," तात्या म्हणाले. "त्या पैसे देत हुत्या, मीच घेतलं न्हाई. तुम्हीच म्हणालासा की, योग्य वाटंल ते द्या म्हणून."

"अहो, ते वाढदिवसापुरतं होतं."

"तसं कुठं बोललासा?"

नव्हतो बोललो. तेव्हापासून दर महिन्याला वहीच्या कागदाचा फोटो येतो. अक्षर टपोरं. पुडी, रोजची. एकदा वायसर. अधिक मासात तेहतीस चाफे. आणि खाली, दर शुक्रवारी: गजरा १, हातभर. मोगऱ्याचा हंगाम संपला तेव्हा वाटलं, ही ओळ आता जाईल. तिथे अबोली आली.

आत्याच्या देव्हाऱ्यातला अंबाबाईचा टाक माझ्या अंगठ्याएवढा आहे. त्याला हातभर गजरा कसा बसतो, हे मी अजून दोघांपैकी कुणालाच विचारलेलं नाही.