नाक्यावरचा कापूस

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता. कशाला? तर जलंब ते खामगाव हा १३ किलोमीटरचा रेल्वेफाटा उघडायला. गोऱ्याला वऱ्हाडी शेतकऱ्याचा कळवळा नव्हता, मँचेस्टरच्या गिरण्यांची चिंता होती. पण खामगावच्या बाजारातला कापूस लवकर बाहेर पडावा म्हणून त्याने रूळ तरी टाकले. (हा मार्ग पुढे जालन्यापर्यंत न्या, ही मागणी शंभरी ओलांडून गेली. रूळ अजून खामगावातच.) मग आपलं राज्य आलं. आपल्या राज्याने १९७१ साली कायदा केला, १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली आणि तोच कापूस बाहेर जाऊ नये म्हणून सीमेवर नाके बसवले.

आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. शेत आपलं, बैल आपले, बंडी आपली. पण कापूस विकायचा तर फक्त सरकारला. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या माणसाला सातपुडा ओलांडला की बऱ्हाणपूर. ज्या वर्षी पलीकडे भाव चढा, त्या वर्षी रात्रीच्या बंड्या निघायच्या. पकडलं की कापूस जप्त. देश एक, रुपया एक, आणि हद्द ओलांडली की पांढरं सोनं चोरीचा माल! इकडे संकलन केंद्रावर ग्रेडर कापूस हातात घेऊन प्रत ठरवणार, त्यातून चढउतार निधी कापला जाणार, सोसायटीचं कर्ज वळतं होणार, आणि उरलेला चुकारा येईल तेव्हा येईल. तोवर पोरीचं लग्न उरकलेलं असायचं, वाण्याचं बिल नव्हे. कर्जकपात चुकवायला मेहुण्याच्या नावावर कापूस घालणारे काही कमी नव्हते. बाहेरचा भाव पडला की उलटी गंगा: शेजारच्या राज्यांतला कापूस व्यापाऱ्यांच्या हातून इथे शिरायचा आणि सरकारच्या गळ्यात पडायचा. योजना शेतकऱ्यासाठी होती म्हणतात. तीसेक वर्षं चालली, तोट्याचे डोंगर उभे राहिले आणि शेवटी गुपचूप गुंडाळली. माफी मागायला कुणी आलं नाही.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी हेच सांगत फिरले. भीक नको, हवे घामाचे दाम. सरकार अडचण सोडवत नाही, सरकार हीच अडचण आहे. सभेला लाखोंनी माणसं यायची. मतदानाच्या दिवशी तीच माणसं जोशींना हात जोडून नेहमीच्या चिन्हावर शिक्का मारायची. अशा बाबतीत आपण मोठे व्यवहारी. स्वातंत्र्य ऐकायला, अनुदान घ्यायला.

आता नाके गेले, असं म्हणतात. कुठले गेले? फक्त जागा बदलली.

जनुकीय बदल केलेली, तणनाशक सहन करणारी एचटीबीटी कपाशी घ्या. गावात तिला ‘चोर बीटी’ म्हणतात. तिला आपल्याकडे लागवडीची परवानगी नाही. पर्यावरण कायद्याखाली २०२४ पर्यंत पाच वर्षं तुरुंग आणि एक लाखापर्यंत दंड होता. तरी पाकीट येतंच. निंदणाला बाया मिळत नाहीत, पाऊस सुरू झाला की डवरा वाफसा बघत बसतो, तण मात्र थांबत नाही. म्हणून माणूस बिनपावतीचं पाकीट घेतो. उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार? ज्याच्याकडे करायची, तोच आत टाकायचा. बंदीने बियाणं थांबलं नाही, फक्त पावती थांबली. १० जून २०१९ ला आमच्या बुलढाण्याशेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीरला, शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते बियाणं दिवसाढवळ्या, सांगून सवरून पेरलं. गुन्हे दाखल झाले. बियाण्याला परवानगी आजही नाही.

बरं, जनुकीय बदलाची एवढी भीती आहे म्हणावं, तर २०२१ च्या ऑगस्टमध्ये काय झालं? सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. चिखली-मेहकरकडे माणसं ट्रॅक्टरच्या शोरूमवरून मुद्दाम हळू चालायला लागली होती. कोंबडीवाल्यांनी ओरड केली आणि केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. म्हणजे परदेशी शेतकऱ्याने पिकवलं तर ते खाद्य, आपल्या शेतकऱ्याने पेरलं तर तो गुन्हा. डिसेंबरात २० तारखेला सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदेही सेबीने बंद केले. आधी एक वर्षासाठी. मग मुदत संपत आली की वाढवायची, असा परिपाठ पडला. पुढच्या दिवाळीला भाव काय राहील, याचा थोडाफार अंदाज देणारी ती एकच खिडकी होती. ती लावून घेतली आणि वर शेतकऱ्याला सल्ला: बाजाराचा अभ्यास करून पेरा.

मुक्त व्यापाराचं सरकारला वावडं आहे, असंही नाही. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. इकडे वेचणी सुरू होते दसरा-दिवाळीला. खरं तर खुल्या बाजाराच्या माणसाने आयातीला हरकत घेऊ नये, मीही घेत नाही. पण मग गिरणीवाल्याला जगभरातून रुई आणायची मोकळीक देताना शेतकऱ्यालाही जगभरातलं बियाणं आणायची द्या की! दार एकाच बाजूने उघडायचं, याला खुलं धोरण म्हणत नाहीत.

व्यापाऱ्यांची वकिली करायची नाही मला. हर्रासात चार अडते एकमेकांकडे बघून कसे बोली थांबवतात, ते मोंढ्यात उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पण ते चारच का असतात? परवाना, गाळा, संचालकाची ओळख, एवढं जमवून पाचवा आत येईपर्यंत हंगाम संपतो. आणि २०२० साली कृषी कायदे आणून हे दार किलकिलं करू म्हणणाऱ्यांनीच त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कांद्याची निर्यात बंद केली. पुढच्या वर्षी ते कायदेही मागे घेतले.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे खासदार केंद्रात राज्यमंत्री आहेत. खातं आयुष. काढ्याची सोय आहे, भावाची दुसऱ्या खात्यात बघा.

२०२५ च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंद करावी लागते. त्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता. केंद्रावर यंत्र खुपसून ओलावा बघतात. १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. सातबारा बघतात, पीकपाहणी बघतात, आधार बघतात, धाग्याची लांबी बघतात. बियाणं कुठलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. जून महिन्यात ज्या पाकिटावर छापे पडतात, त्याचाच कापूस नोव्हेंबरात सरकार हमीभावाने विकत घेतं आणि गाठी बांधून त्यावर स्वतःचा शिक्का मारतं.