डावा की उजवा?

कुटुंबाची सहल ठरली की तिघांच्या जागा आधीच पक्क्या असतात. घाटात उलटी करणारं पोर, फोटोत नेमके डोळे मिटणारी आत्या आणि गुडघेवाले. पोराला गोळी देता येते, आत्याचा फोटो पुन्हा काढता येतो. गुडघेवाल्यांना मात्र आहेत तसे न्यावं लागतं.

गुडघा दुखणारा प्रत्येक माणूस गुडघेवाला नसतो, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. ज्याचा गुडघा दुखतो तो रुग्ण. ज्याच्या गुडघ्याची अख्ख्या सोसायटीला माहिती असते तो गुडघेवाला. वयाचा इथे संबंध नाही. बॉक्स क्रिकेटमध्ये लिगामेंट तोडून घेतलेला तिशीतला आयटीवालाही या पदाला पोचू शकतो, फक्त त्याच्याकडे वेळ कमी असतो.

आमच्या घरात हे पद मामांकडे आहे. गुडघा कसा गेला याची त्यांच्याकडे श्रोत्यागणिक वेगळी हकीकत तयार असते. व्याह्यांना सांगितलं, राजमाचीच्या वाटेवर पाय घसरला. डॉक्टरांना सांगितलं, जिन्याची पायरी चुकली. नातवंडांच्या आवृत्तीत एक रानडुक्कर आहे. खरी गोष्ट मामींना ठाऊक आहे: सोसायटीच्या विसर्जनाला लेझीम चालू होतं, नोकरीत होते तोवर न शिवलेलं लेझीम निवृत्तीनंतर मामांनी एकदम हातात घेतलं, आणि एका डावाला खाली बसून उठायचं होतं. त्यातला बसण्याचा भाग त्यांना जमला.

मग एमआरआय झाला. आपल्या गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. मामांच्या आतल्या बाजूच्या गादीत मागच्या टोकाला ‘ग्रेड टू सिग्नल’ निघाला. ग्रेड वन आणि टू म्हणजे खूण गादीच्या आतच आहे, पृष्ठभागापर्यंत आलेली नाही. ती तिथवर आली की ग्रेड थ्री, आणि त्यालाच गादी फाटली म्हणायचं. थोडक्यात, डॉक्टर म्हणाले, “वयाच्या मानानं ठीक आहे. वजन कमी करा, मांडीचे व्यायाम करा.” मामांनी घरी येऊन फोनवर सगळ्यांना कळवलं, “ग्रेड टू आहे. थ्रीच्या फक्त एक अलीकडे.” यातला शब्दही खोटा नाही, हीच पंचाईत.

तेव्हापासून तो एमआरआयचा भलामोठा लिफाफा सगळीकडे येतो. लग्नाला आला, बारशाला आला. मुलांच्या परीक्षा संपल्यावर इमॅजिका या थीम पार्कला जायचं ठरलं तेव्हा गाडीत सर्वांत आधी तोच ठेवला गेला.

त्याआधी अर्थात नकाराचा विधी झाला. “तुम्ही जा. मी आपला घरी बसतो. माझ्यामुळे तुमचा विरस नको.” हे वाक्य ऐकल्यावर घरातल्यांनी आग्रह करायचा असतो. एकदा भाचरांनी केला, एकदा सुनेनं केला. तिसऱ्या खेपेला मामी म्हणाल्या, “बरं, मग राहा घरी. वरण-भाताचा कुकर लावून ठेवते.” मामा बॅग भरायला उठले.

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर, त्यामुळे तसंच पुढे जाऊन आधी बल्लाळेश्वराचं दर्शन घ्यायचं ठरलं. पालीला रांग होती. मामा तिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत उभे राहिले, वर पुढच्या माणसाला लेण्याद्रीला आपण तीनशेच्या आसपास पायऱ्या कशा चढलो ते सांगितलं. देवाच्या रांगेत गुडघा दुखत नाही. लग्नाच्या बुफेतही दुखत नाही. बँकेत केवायसीच्या रांगेत दुखतो आणि मंडईतून नारळ आणायचे असले की सुजतोसुद्धा. असा विवेकी अवयव माणसाच्या शरीरात दुसरा नाही.

फाटकावर सामानाची तपासणी झाली. बाहेरचं खाणं आत चालत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. मामींना ते मान्य नव्हतं. दशम्या आणि चिवडा सापडला, गाडीत परत गेला. खाऱ्या दाण्यांची पुडी मात्र सापडली नाही, कारण ती मामांच्या नी-कॅपमध्ये होती. मामा चालायला लागले की पाऊलभर गेल्यावर कुरकुर व्हायची. सुरक्षारक्षकानं कान टवकारले.

“गुडघा वाजतो हो त्यांचा,” मामी म्हणाल्या.

“माझ्या आईचा पण वाजतो,” रक्षक म्हणाला आणि त्यानं स्वतः पुढे होऊन मामांना हात दिला. मामांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा शोधायचा मी प्रयत्न केला. नव्हता. उलट त्यांनी त्याला निर्गुंडीच्या तेलाचा पत्ता दिला.

आत गेल्यावर उद्यानाची खरी रचना लक्षात येते. पोस्टरवर माणसं उलटी लटकलेली, पाण्यात आदळलेली दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं की इथे धाडस राइडमध्ये आहे. राइडमध्ये तर माणूस बसलेला असतो. पाठीला टेकण, छातीवर दांडा. दिवसाचा बाकीचा सगळा वेळ जातो चालण्यात आणि रांगेत तिष्ठण्यात. साधं चालताना गुडघ्यावर अंगच्या वजनाच्या २ ते ३ पट भार येतो, जिना उतरताना ३ पटींच्या वर जातो. म्हणजे ज्याचा गुडघा अधू त्यानं खरं तर रांगेतला वेळ वाचवावा आणि मिळेल त्या बैठकीत बसावं. आमच्याकडे उलटा न्याय. “मामा, तुमचा गुडघा आहे, तुम्ही राइडला नका बसू,” असं म्हणून आम्ही धडधाकट माणसं बसायला गेलो आणि मामांच्या गळ्यात चार बॅगा, सहा चष्मे, पाकिटं, टोप्या आणि एका भाचीचा अर्धा खाल्लेला मका अडकवला. राइडची आत जायची वाट एकीकडे, बाहेर यायची भलतीकडे. त्यामुळे सामान घेऊन मामा एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत फेऱ्या मारत होते. दुपारपर्यंत आमच्यात सर्वांत जास्त चाललेला माणूस तोच होता. हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष गुडघ्याकडे होतं.

अधूनमधून ते जुन्या काळात जात. “गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं १९८९ला. लाँचनं जायचो. तेव्हा बघायला हवं होतं मला.” उंचीच्या पट्टीपाशी पोरांना उभं करून मोजत होते तिथे थांबून म्हणाले, “उंची मोजतात. गुडघा विचारतं का कोणी?” मोजणाऱ्या मुलीनं हसून विचारलं, “काय झालं आजोबा?” झालं. लिफाफा उघडला. ती काळी फिल्म उन्हाकडे धरून मामा तिला मागचं टोक दाखवू लागले आणि मागे सव्वाचार फुटी मुलांची रांग खोळंबली. एका चिमुरड्यानं विचारलं, “यात डायनासोर आहे?” प्रश्न रास्त होता. जवळच नर्मदेच्या खोऱ्यातल्या राजासॉरसच्या नावाची राइड आहे.

शेवटी एका झाडाखालचं बाक मिळालं, आणि मामा खऱ्या अर्थानं मुक्कामी पोचले. मी त्यांना वॉल्ट डिस्नेची गोष्ट सांगितली. शनिवारी हा माणूस आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये न्यायचा. मुली मेरी-गो-राउंडवर, आणि बाप बाकावर शेंगदाणे खात. तिथे बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी एखादी जागा हवी. पुढे १९५५ साली त्यानं डिस्नेलँड उघडलं. म्हणजे या सगळ्या धंद्याचा उगम राइडमध्ये नाही, बाकावर आहे. मामा गंभीर झाले. “शेंगदाणे म्हणालास ना?” त्यांनी विचारलं आणि नी-कॅप सैल केली.

बाकावर आणखी तिघं होते. पहिल्या मिनिटाला कोणी कोणाचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. “डावा की उजवा?” एवढंच. उजवा म्हटल्यावर नाशिकचे एक गृहस्थ सरकून जवळ आले, त्यांचाही उजवा. डाव्यावाले कोल्हापूरकर थोडे एकटे पडले. चौथे मात्र काही बोलेनात. काठी मांडीवर आडवी ठेवून शांतपणे बसले होते. सगळ्यांचं सांगून झाल्यावर ते हळूच म्हणाले, “माझे दोन्ही बदललेत. मघाशी फाटकावर वाजलो.”

बाकावर शांतता पसरली. या जगात उतरंड असते: तेल लावणारे, फिजिओवाले, दुर्बिणीतून केलेले, आणि सर्वांत वर बदललेले. चौथ्या गृहस्थांनी वाजपेयींचा दाखला दिला. ब्रीच कँडीत एक गुडघा २००० साली, दुसरा २००१ साली, करणारे डॉक्टर रानावत खास अमेरिकेहून आलेले. खुद्द पंतप्रधानांनी केल्यावर आपण कशाला घाबरायचं, असं तेव्हा घराघरात लोक म्हणायला लागले, हे खरंच आहे. मामांनी आपला लिफाफा हळूच बाकाखाली सरकवला. ग्रेड टू तिथे काढण्यासारखं नव्हतं.

पण या बदललेल्यांकडून मामांना दोन गोष्टी अशा मिळाल्या की ज्या घरात कोणी सांगितल्या नव्हत्या. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नाही, विरुद्ध हातात धरायची. म्हणजे दुखरा पाय टेकताना काठीही टेकते आणि भार वाटला जातो. सिनेमातले सगळे म्हातारे चुकीचे चालतात, असं त्यांचं मत पडलं. आणि जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मामांनी तिथल्या तिथे भाचीची छत्री डाव्या हातात घेऊन बाकाभोवती एक चक्कर मारली. जमलं. ते जमलं याचं त्यांना थोडं वाईट वाटल्याचंही मी पाहिलं.

एवढ्यात माझा धाकटा भाचा एक कल्पना घेऊन आला. “आपण आजोबांना व्हीलचेअरवर बसवूया! मग आपल्याला रांगेत पुढे सोडतील!” पोराला दोष देण्यात अर्थ नाही. अमेरिकेत मोठमोठ्या माणसांनी हेच केलं. डिस्नेच्या उद्यानात श्रीमंत लोक रांग चुकवायला अपंग माणसांना भाड्यानं बरोबर घेतात, अशा बातम्या २०१३ साली आल्या आणि त्याच वर्षी तिथली सवलतीची जुनी पद्धत बदलली. मी हे सांगायच्या आतच मामा ताडकन उठले, दोन्ही पायांवर.

“व्हीलचेअर? मला? मी काय पेशंट आहे?”

नाशिककर आणि कोल्हापूरकरांनी माना डोलावल्या. गुडघेवाल्याला गुडघ्याची चौकशी हवी असते, सोय नको असते. सोय केली की विषयच संपतो.

या सगळ्यात मामी कुठे आहेत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. इथे एक कौटुंबिक गुपित सांगायला हवं. मामींचे गुडघे मामांपेक्षा वाईट आहेत. गुडघ्यांची झीज बायकांमध्ये जास्त आढळते, आणि मामींचे तर दोन्ही गेलेत. त्या ओट्याला धरून उठतात, देवळात मांडी घालत नाहीत, जिन्यावर कठड्याला हात लावतात. पण त्यांचा लिफाफा नाही. त्यांच्या गुडघ्याला घरात विशेषण नाही. चौरंगावर बसून पूजा करायला लागल्या तेव्हा सुनेनं “छान दिसतो हो चौरंग” एवढंच म्हटलं.

मामी नायट्रो या रोलरकोस्टरच्या रांगेत होत्या. सुमारे ४० मीटर उंच, ताशी १०५ किलोमीटर वेग, पाच ठिकाणी माणूस उलटा. या गाडीला तळ नाही. आपण बसलो, दांडा खाली आला, की स्थानकावरची फळी यंत्रानं खाली जाते. पायाखालची जमीन सरकणे, हे मराठी माणसानं इतकी वर्षं नुसतं म्हटलं. इथे तिकीट काढून सरकवून देतात. मामींनी पाटी वाचली होती, ऑपरेटरला दोनदा विचारलं होतं, मंगळसूत्र पिनेनं ब्लाउजला टाचलं होतं आणि चपला काढून ठेवल्या होत्या. आम्ही पाहिलं तेव्हा गाडी वर चढत होती. निळ्या साडीवर ओढणीनं घट्ट बांधलेला पदर आणि खाली दोन अनवाणी पाय, हवेत मोकळे हलताना.

“अरे, ती तुझी मामी!” मामा ओरडले. बाकावरचे तिघंही उठले. बदललेले सर्वांत आधी उठले.

परत आल्या तेव्हा केस विस्कटलेले होते आणि चेहरा लाल. त्या सरळ येऊन मामांच्या जागेवर बसल्या. सगळ्यांनी एकदम प्रश्न विचारले. मामांनी एकच विचारला, “अगं, गुडघे?”

“रांगेत पाऊण तास जीव गेला,” मामी म्हणाल्या. “वर गेल्यावर काही नाही. लोंबकळत होते ना, बरं वाटत होतं. पुन्हा जाईन म्हणते, पण आधी चहा हवा.”

सगळे मामांकडे बघायला लागले. चहाचा काउंटर लांब होता, आणि वाटेत पायऱ्या होत्या. मामांनी छत्री उचलली.

“डाव्या हातात,” कोल्हापूरकर म्हणाले.

“चढताना चांगला पाय आधी,” नाशिककर म्हणाले.

“आणि साखर कमी,” मामी म्हणाल्या. मामा वळले तेव्हा त्यांनी हात पुढे केला. “दाणे ठेवून जा.”