बंपरवाले सर

चंद्रपुरात पांढरी गाडी घ्यायची आणि ती पांढरीच ठेवायची, ही जिद्द एखादा निवृत्त प्राध्यापकच धरू जाणे. आमचे सर त्यातले. एकीकडे कोळशाच्या खाणी, दुसरीकडे औष्णिक वीज केंद्र. सकाळी बॉनेटवरच्या धुळीत बोटानं सही करता येते. सर सही करत नाहीत, फडकं मारतात. तेही कोरडं. मग उकिडवे बसून, चष्मा कपाळावर चढवून बंपरवर नवा चरा शोधतात आणि तो सापडतोच. धुळीचा कण फडक्याखाली घासला की लॅकरवर रेघ ओढतो, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. सरांना सांगणार कोण? त्यांचा संशय शेजारच्या पोरांच्या सायकलींवर.

चरा दिसला की नखाची परीक्षा. नख त्यावरून सरकलं, तर इजा वरवरची: 2000 नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवायचा, मग रबिंग, मग पॉलिश. नख अडकलं तर सरांची भूक मरते. "पत्रा असता तर गोष्ट निराळी," ते ताटावर बसून सांगतात, "हे पॉलिप्रॉपिलिन. याच्यावर रंग धरत नाही. आधी प्लास्टिकचा प्रायमर मारावा लागतो, नाहीतर पापुद्रे सुटतात." काकू निमूटपणे वरण वाढतात. घरातली टूथपेस्ट इतक्या लवकर कशी संपते, हे विचारणं त्यांनी कधीच सोडलंय.

रंगाला मुहूर्तही लागत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर. फवारा बंपरला टेकायच्या आधीच वाळतो. श्रावणात दमट हवेनं लॅकर पांढुरकं पडतं. हिवाळा चांगला, पण हिवाळ्यात पाहुणे येतात आणि पाहुण्यांना ताडोबा पाहायचा असतो.

जटपुरा गेटपाशी आले की सर दोन्ही आरसे मिटून गोगलगाईसारखे सरकतात. मागचा ऑटोवाला एकदा वैतागून ओरडला, "काका, गोंडराजाचे हत्ती गेले ना जी याच्यातून! तुमची तं गाडीच हाय!"

मागल्या डिसेंबरात मोहर्लीच्या रस्त्यावर खरोखरच वाघ आडवा आला. सरांनी घाईनं गाडी मागं घेतली, ती थेट घाणेरीच्या झुडपात. वाघ सावकाश रस्ता ओलांडून गेला. पाहुण्यांचे मोबाइल थरथरत होते. सर खिडकीतून मान काढून मागं बघत होते.

रात्री पुण्याहून व्याह्यांचा फोन. "नशीबवान आहात! केवढा होता हो?"

"चार इंच," सर म्हणाले. "पण नख अडकतंय."