विषाणूराव, जरा पोटातलं बोलू

श्री. रा. रा. सार्स-कोव्ह-२ महोदय यांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

२०२० साली आपण पधारलात तेव्हा थोरामोठ्यांची फुप्फुसं धरलीत, पण पोरांना बहुधा सर्दीखोकल्यावर सोडलंत. केवढं हे वात्सल्य! आम्हीही गावभर सांगत सुटलो, 'मुलांना काही होत नाही.' आम्हाला इतकं निर्धास्त केल्याबद्दल प्रथम आभार.

आपल्या संयमाला तर तोड नाही. मुलाच्या अंगात येऊन गेलात, साधी शिंकही नाही. मग दोन ते सहा आठवड्यांनी, घरात सगळे सुटलो म्हणत असताना, त्याच्याच प्रतिकारशक्तीला त्याच्यावर सोडलंत. नाकातला स्वॅब बहुतेकदा निगेटिव्ह, रक्तात अँटिबॉडी मात्र हजर. गुन्ह्याच्या वेळी आपण गावातच नव्हता, हे सिद्ध करायची ही हातोटी मुरलेल्या दरोडेखोरालाही साधत नाही.

आणि दार निवडलंत ते पोटाचं! इथे दाद द्यावीच लागते. आमच्याकडे पोटदुखी हा आजार नसतो, तो गृहपाठ टाळायचा बहाणा असतो. पोरगं कळवळतंय, उलट्या थांबत नाहीत, जुलाब सुरू. आई बेंबीभोवती हिंग चोळते, आजी मीठ-मोहऱ्या ओवाळते आणि बाबा लॉकडाऊनमध्ये घरी केलेल्या पाणीपुरीवर खापर फोडतात. आम्ही डॉक्टरही काही कमी नव्हतो: 'गॅस्ट्रो दिसतोय, ओआरएस पाजा.' तोवर तापाचा चौथा दिवस उजाडतो, डोळे लाल होतात, ओठ फुटतात, अंगावर पुरळ उठतं.

सर्जन मंडळींनाही आपण विसरला नाहीत. दुखणं उजवीकडे खाली, हात लावू देत नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, अपेंडिक्सच की! काही पोटं उघडलीसुद्धा. आत अपेंडिक्स धडधाकट, सुजलं होतं लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि टरारल्या होत्या भोवतालच्या गाठी.

बॉस्टनच्या काही संशोधकांनी २०२१ मध्ये आपल्या मुक्कामाचा पत्ताही शोधला. त्यांचं म्हणणं, आपण जुन्या पागडीच्या भाडेकरूसारखे आतड्यात आठवडेच्या आठवडे ठाण मांडता, तिथल्या अस्तराचे सांधे सैल होतात आणि आपले तुकडे रक्तात झिरपतात. मग अंगभर दाह. आम्ही याला 'एमआयएस-सी' म्हणतो. आपल्या कर्तबगारीला नाव जरा रुक्षच पडलं, क्षमस्व.

पोट ही अर्थात नुसती हूल. डोळा होता हृदयावर. रक्तदाब कोसळतो, इकोत हृदयाचं आकुंचन मंदावलेलं दिसतं, काहींच्या कोरोनरी धमन्या फुगतात. जपानच्या तोमिसाकू कावासाकींनी १९६७ मध्ये वर्णन केलेल्या आजाराची नक्कल आपण इतकी बेमालूम केलीत, की एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनचे डॉक्टर चक्रावले. पण कावासाकींचा आजार मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांचा. आपण आठ-नऊ वर्षांची, नुकतं 'मला काय होतंय' हे नीट सांगू लागलेली पोरं पसंत केलीत. सांगितलं त्यांनी. ऐकलं कुणी?

उपचारातही आपली रुची राजेशाही. इम्युनोग्लोब्युलिन, वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम, हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं. वीस किलोच्या पोराला पाच-पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या! त्यासाठी कुणाच्या पाटल्या मोडल्या, हे आपल्याला कळवून आपला जीव कशाला जाळू? बहुतेक मुलं बरी होऊन घरी गेली, याचं दुःख आपल्याला पुरेसं असेल. काही गेली नाहीत. त्यांच्याबद्दल आपल्याशी थट्टा करवत नाही.

ओमिक्रॉनच्या अवतारापासून आपण हा प्रयोग क्वचितच लावता म्हणे. तरी एक आगळीक माझ्याकडून होतच राहणार. चार दिवसांचा ताप आणि पोटदुखी घेऊन कुणी पोर आलं, की मी ओआरएसच्या आधी विचारतो, 'महिना-दीड महिन्यात घरात कुणाला सर्दी-ताप होता का?' आणि हो म्हणाले, की सीआरपी ही दाहाची रक्तचाचणी आणि इको लिहून देतो. आपल्या खासगी दौऱ्यांची अशी चौकशी शिष्टाचाराला धरून नाही, जाणतो. राग मानू नये.

आपला नाइलाजाने नम्र,
तालुक्याच्या गावचा एक बालरोगतज्ज्ञ